माळावरचं टेकाड पुरातन दफन आहे का? चाचणी उत्खनन असं करतात

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडच्या खटाव, माण, आटपाडी, जत या पट्ट्यात माळरानावर अधूनमधून एखादं गोलसर टेकाड दिसतं. दगडगोट्यांनी भरलेलं, कडेला मोठे धोंडे, माथ्यावर शेंदूर फासलेला म्हसोबा. इतिहासाची आवड असलेले गुरुजी, गावातलं तरुण मंडळ किंवा कॉलेजातली मुलं त्याचे फोटो पाठवून विचारतात, "हे जुनं थडगं असेल का? खणून बघता येईल का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. खणायचं कसं हे नीट समजून घेतलं की पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठे शोधायचं तेही कळतं.

चाचणी उत्खननात एकच प्रश्न घेऊन उतरायचं असतं: हा उंचवटा माणसानं रचलाय का, आणि रचला असेल तर साधारण कधी? तेवढ्याला पुरेल इतकंच खणायचं आणि थांबायचं. मधोमध खड्डा पाडून हाडं शोधायची घाई झाली, की टेकाड कसं रचलं गेलं त्याचा पुरावा कायमचा जातो, आणि हाती आलेल्या हाडांचा काळही मग खात्रीनं सांगता येत नाही. उत्तर बहुतेक वेळा टेकाडाच्या कडेला आणि त्याच्या पोटाखाली दबलेल्या जुन्या जमिनीत असतं. म्हणून इथली सगळी पद्धत कडेकडून आत जाणारी आहे.

कुदळीच्या आधी परवाना

टेकाड स्वतःच्या सातबाऱ्यावर असलं तरी पुरातत्त्वीय उत्खनन मनाला येईल तसं करता येत नाही. 1958 च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाप्रमाणे, संरक्षित नसलेल्या जागेतही राज्य सरकारला स्वतः उत्खनन करायला किंवा दुसऱ्याला परवानगी द्यायला केंद्राची पूर्वसंमती लागते. व्यवहारात अर्ज एखादी संस्था करते: विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग, पुण्याचं डेक्कन कॉलेज, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. जागा कुठली, हेतू काय, प्रमुख कोण, त्याचा अनुभव किती, किती क्षेत्र खणणार, हे सगळं त्यात लिहावं लागतं.

गावातल्या माणसानं मग काय करायचं? खरं तर सगळ्यात मोलाचं काम त्याच्याकडेच असतं. टेकाड शोधणं, त्याची नोंद करणं, ते जेसीबीपासून आणि मुरूम उपशापासून वाचवणं, आणि तज्ज्ञांपर्यंत नीट टिपण पोचवणं. परवाना आल्यावर मोजणी, चाळणी, रेखाटन या कामांत स्वयंसेवक लागतातच. खणण्याआधीची पहिली काही कामं तर परवान्याशिवायही करता येतात. कुठली ते ओघानं येईलच.

अचानक काही सापडलं तर तीही गोष्ट कायद्यात बसवलेली आहे. 1878 चा निखात निधी अधिनियम सांगतो की जमिनीत पुरलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. 100 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते. आणि गुप्तधनाच्या नादानं अमावास्येला टेकाड उकरणाऱ्यांबद्दल गाव गप्प बसतं, ते बसू नये. अशा एका रात्रीच्या खड्ड्यानं जितकं नुकसान होतं तितकं शंभर वर्षांच्या पावसानं होत नाही. धनासाठी अघोरी प्रकार करणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरलेलं आहे.

आधी टेकाडावरच शंका घ्या

विदर्भात परिस्थिती वेगळी आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथल्या उत्खननांतून लोखंडी हत्यारं, तांब्याचे घोड्याचे अलंकार, काळी-तांबडी भांडी आणि माणसांसोबत पुरलेले घोडे मिळालेत. तिथे माळावर धोंड्यांचं गोल कडं दिसलं तर पहिला संशय दफनाचाच घेतात.

आपल्याकडे तसं करून चालत नाही. दख्खनमधल्या जोर्वे काळातल्या (सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या) लोकांची दफनं पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला शेकड्यांनी मिळाली, पण ती घराच्या जमिनीखाली होती; वर टेकाड वगैरे काही नव्हतं. लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत आडवं ठेवायचे, मोठ्यांना उताणं झोपवून पुरायचे आणि घोट्याखालची पावलं तोडायचे. अशी दफनं आपल्या जिल्ह्यात असलीच, तर ती शोधायची जागा नदीकाठची जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरट मातीची जागा. माळावरचं टेकाड हा मुळात वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला साधी उत्तरं बरीच असू शकतात.

सातारा-सांगलीच्या पूर्वेकडे सगळ्यात जास्त फसवणारं टेकाड 1972 च्या दुष्काळातलं. त्या वर्षी खडी फोडायची, पाझर तलावांची, नालाबांधाची कामं गावोगाव निघाली होती. त्यातले दगडांचे आणि मातीचे ढीग आज पन्नास वर्षांनी गवत धरून, बाभळी उगवून अगदी पुरातन दिसतात. गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना विचारा. त्यांनी तिथे स्वतः घमेली वाहिली असतील तर तुमचा शोध एका दुपारीत संपतो, आणि तो चांगला शोध असतो.

शेतातून वेचून बांधावर टाकलेल्या दगडांचे ढीग, चुन्याच्या जुन्या भट्ट्या, वीटभट्टीची राख, कालव्याच्या खोदाईची माती, साधूची समाधी ही बाकीची मंडळी. कराडच्या आगाशिवसारख्या बौद्ध लेण्यांच्या परिसरात, जुन्या व्यापारी वाटेवर, टेकाडातून आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मापाच्या भाजक्या विटा निघत असतील तर तो स्तूपाचा ढिगारा असू शकतो. भंडाऱ्यातल्या पवनीला असे स्तूप उत्खननात मिळाले आहेत. आणि पांढरी माती, जागोजाग खापरं, हाडांचे तुकडे, राख असं असेल तर ती जुन्या वस्तीची पांढरी. तिचं उत्खनन हा पूर्ण वेगळा विषय आहे.

निसर्गही फसवतो. बेसाल्ट कुजताना त्याचे कोपरे आधी झडतात आणि मधला भाग गोल धोंडा होऊन उरतो. पावसानं आजूबाजूचा मुरूम वाहून गेला की असे गोटे उंचवट्यावर मांडून ठेवल्यासारखे दिसतात. ओळखायचं कसं? धोंड्याच्या बुडाशी बसा आणि निरखून बघा. निसर्गातला गोटा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कुजक्या थरांत लपेटलेला असतो आणि ते थर हळूहळू मुरमात मिसळतात. माणसानं बसवलेल्या धोंड्याच्या बुडाला मात्र धारदार कडेचा खड्डा असतो, त्यात वेगळ्या रंगाची माती, आणि धोंडा हलू नये म्हणून दडपलेल्या दगडी चिपा. त्या चिपा दिसल्या की माझा टेकाडावरचा विश्वास एकदम वाढतो. पण त्या दिसतात उत्खननातच. वरवर उकरून बघण्याच्या फंदात पडू नका.

मालक, गाव आणि देव

सातबाऱ्यावर जितकी नावं, तितक्यांची लेखी संमती घ्या. थोरल्या भावानं होकार दिला आणि धाकटा पुण्याहून येऊन काम बंद पाडतो, हे नेहमीचं आहे. उभं पीक असेल तर भरपाई आधी ठरवून कागदावर आणा. शेतकऱ्याची खरी भीती वेगळी असते: काही सापडलं तर जमीन सरकारजमा होईल. त्यांना सरळ सांगा की चाचणी उत्खनन म्हणजे संपादन नव्हे. एखादं स्थळ राष्ट्रीय संरक्षित करायचं झालं तर त्याची वेगळी अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. संरक्षित झाल्यावर मात्र 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या आणखी 200 मीटरपर्यंत परवानगीची अट येते, हेही लपवू नका. अर्धवट सांगितलेली गोष्ट पुढे अंगाशी येते.

माथ्यावर देव असेल तर त्याला हलवायचं नाही. चर अशा बाजूनं घ्यायचा की देव जागच्या जागी राहील. ग्रामसभेत विषय मांडा, पुजाऱ्याला, धनगरवाड्यातल्या जाणत्यांना बोलवा. यात्रा कधी, पालखी कधी, मेंढरं कुठल्या वाटेनं येतात हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि टेकाडाबद्दलच्या जुन्या गोष्टीही. शेताचं, शिवाराचं जुनं नाव विचारून घ्या. "पांडवांचं" म्हणून सांगितलेल्या दगडी रचनेनं पुरावा होत नाही, पण ती रचना लोकांच्या आठवणीपेक्षा जुनी आहे एवढं त्यातून कळतं.

मोजमाप

हे काम जमिनीला ओरखडाही न काढता होतं, त्यामुळे परवान्याची वाट बघत असतानाच ते उरका. गावाचा नकाशा आणि गटाचा फाळणी नकाशा घ्या, सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर जागा टाका, इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरची वेगवेगळ्या वर्षांची उपग्रह चित्रं बघा. मग पायी फिरा. रब्बी निघून नांगरट झाल्यावर, आणि पहिल्या वळवानंतर खापरं धुऊन वर येतात तेव्हा, जमीन सगळ्यात जास्त बोलते. सापडलेलं उचलू नका. जागेवर फोटो, जीपीएस आणि टिपण पुरे.

टेकाडाचा उंचीनुसार नकाशा टोटल स्टेशन या मोजणी यंत्रानं किंवा साध्या डंपी लेव्हलनं काढा, समोच्च (समान उंचीच्या) रेषांतलं अंतर 20 ते 25 सेंटिमीटर ठेवा. एक पक्का बेंचमार्क लागतो, जो पुढच्या दहा वर्षांत कुणी उपटणार नाही: विहिरीचा कठडा, शाळेची पायरी. सगळ्या खोल्या त्यावरूनच मोजायच्या. वर दिसणारा प्रत्येक मोठा धोंडा नकाशात आला पाहिजे.

न खणता जमिनीच्या आतलं दाखवणाऱ्या भूभौतिक यंत्रांबद्दल लोकांना फार अपेक्षा असतात. आपल्या जमिनीत त्या कमी ठेवा. बेसाल्ट मुळातच चुंबकीय असल्यानं चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर गोंधळतो, आणि ओलसर काळ्या चिकणमातीत जीपीआरच्या (जमिनीत सोडायच्या रडारच्या) लहरी खोल जात नाहीत. जमिनीत सळ्या रोवून केलेलं विद्युतरोध मापन त्यातल्या त्यात उपयोगी, तेही हिवाळ्यात थोडी ओल असताना. उन्हाळ्यात सुकलेल्या मातीत सळ्यांना पकडच मिळत नाही.

चर कुठे आणि केवढा

समजा टेकाड 15 मीटर व्यासाचं आणि दीड मीटर उंच आहे. संपूर्ण उत्खनन असतं तर चतुर्थांश पद्धत घेतली असती: टेकाडाचे चार भाग, मध्ये न खणता ठेवलेल्या भिंती, आणि समोरासमोरचे दोन भाग आधी. चाचणीत एवढं लागत नाही. टेकाडाबाहेर दोनेक मीटरवर सुरू होऊन मध्याच्या दिशेनं जाणारा, पण मध्यापाशी न पोचणारा, एक मीटर रुंदीचा एकच चर घ्या. बाहेरून सुरुवात महत्त्वाची, कारण टेकाडाभोवती खंदक असेल तर तो तिथेच सापडतो, आणि कडेच्या धोंड्यांचा पायाही.

दुसरा खड्डा टेकाडापासून 20-30 मीटर लांब, एक मीटर बाय एक मीटर. तो तुलनेसाठी. इथली नैसर्गिक जमीन कशी आहे, काळी माती किती, मुरूम किती खाली, चुनखडीचे खडे कुठल्या थरात, हे कळल्याशिवाय टेकाडातलं वेगळेपण ओळखता येत नाही. हा खड्डा आधी खणा. बरेच जण तो टाळतात आणि मग टेकाडातला मुरमाचा थर मुद्दाम टाकलेला की मूळचा यावर अहवालात पानंच्या पानं वाद घालत बसतात.

हंगाम दिवाळीनंतरचा. मार्च उलटला की काळी माती हातभर खोल भेगाळते, चराच्या भिंती ढासळतात, आणि वरची खापरं भेगांतून खालच्या थरात जाऊन पडतात.

खणताना

खुंट्या ठोकून सुतळी ताणली, ओळंबा आणि पाणसळ लावून कडा तपासल्या, की वरचं गवत कापून घ्या. मुळासकट उपटू नका. पहिला थर खुरप्यानं. कुदळ लागलीच तर तिचं पातं आडवं ठेवून, ओरबाडल्यासारखी चालवायची. बारीक काम गवंड्याच्या थापीनं. थरानुसार खाली जायचं. एखादा थर जाड असेल तर त्यातच 5 ते 10 सेंटिमीटरचे टप्पे करायचे. माती बदलली, म्हणजे रंग, कण, घट्टपणा किंवा त्यातले खडे बदलले, की थांबायचं, नवा थर क्रमांक द्यायचा, फोटो, उंची, टिपण, आणि मगच पुढे.

मातीचा बदल डोळ्याआधी कानाला कळतो. मुरमावर थापी खरवडली की करकर आवाज येतो. एकदा कुणी खणून परत भरलेल्या जागेवर तीच थापी दबकी, मऊ चालते. मुरमात पाडलेला खड्डा असा आवाजानं आधी जाणवतो आणि नंतर नीट साफ केल्यावर गडद कड्यासारखा दिसतो. उन्हात तो दिसत नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, फवारणीच्या पंपानं छेदावर (चराच्या उभ्या कापलेल्या भिंतीवर) हलकं पाणी मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा; भरावाची माती ओल जास्त वेळ धरते आणि भोवतालचा मुरूम आधी वाळतो. त्या थोड्या वेळात थापीच्या टोकानं कड आखून घ्यायची.

दगडांच्या भरावातून जाताना धीर सुटतो. प्रत्येक थरातले दगड उघडे करायचे, साफ करायचे, वरून फोटो घ्यायचे, 1:20 मापात काढायचे, मगच उचलायचे. दगड कुठल्या बाजूला कलले आहेत ते बघा. आत खोली किंवा खड्डा असून तो ढासळला असेल तर मधल्या बाजूचे दगड आत कललेले असतात. नुसता ओतलेला ढीग असेल तर उतारानुसार बाहेर.

सगळी माती चाळायची, अपवाद नाही. कोरडी माती 5 मिलिमीटरच्या चाळणीतून. काळी माती तशी चाळली जात नाही, ढेकळंच राहतात. ती पिपात पाण्यात खायचा सोडा घालून भिजवा आणि 2 मिलिमीटरच्या जाळीवर धुवा. गारगोटीचे आणि कार्नेलियनचे (तांबड्या अकीकाचे) मणी ज्वारीच्या दाण्याएवढे असतात, ते कोरड्या ढेकळात कधीच दिसत नाहीत. पाण्यावर तरंगून येणारं काळं बारीक जळकट वेगळं सुकवा. त्यात धान्याचे कोळसे असू शकतात.

दबलेली जुनी जमीन

चराचं खरं धन हे आहे. टेकाड रचण्याआधी तिथे उघडी जमीन होती. तिच्यावर गवत होतं, मुळं होती, कदाचित कुणी चूल पेटवली होती. टेकाडाचा भार वर आला आणि ती तशीच झाकली गेली. छेदात ती काही सेंटिमीटर जाडीची, थोडी गडद, घट्ट पट्टी दिसते. तिच्यात मुळांच्या बारीक नळ्या आणि गांडुळांच्या भोकांच्या खुणा असतात. वरचा भराव आणि ही पट्टी यांच्यातली रेघ सुरीनं आखल्यासारखी स्पष्ट असेल तर टेकाड माणसानं रचलंय यावर जवळपास शिक्कामोर्तब होतं. निसर्गाचा उंचवटा असा रेघेवर बसत नाही.

आता तुलनेच्या खड्ड्याकडे वळा. टेकाडाखालची माती बाहेरच्यापेक्षा जाड असेल तर बाहेरची माती धुपून गेली आणि टेकाडानं आपल्या पोटाखालची वाचवली, असा अर्थ निघतो. अशी धूप व्हायला वेळ लागतो. उलट, टेकाडाचे दगड सरळ नांगरलेल्या मातीवर बसले असतील आणि त्या रेघेत प्लास्टिकचा तुकडा निघाला तर विषय संपला.

काळ ठरवायचा नियम साधा आहे. टेकाडाखाली दबलेल्या वस्तूंपैकी जी सगळ्यात अलीकडची, तिच्या आधी टेकाड रचलेलं असू शकत नाही. पण ती वस्तू खरोखर दबलेली होती, की घूस, उंदीर, मुळं किंवा भेग यांतून खाली आली, हे प्रत्येक वेळी तपासा. सापडलेल्या जागी छेदात बिळाचा गोल डाग आहे का ते बघा. एकट्या खापरावर काळ ठरवू नका, मग ते जोर्वे पद्धतीचं तांबडं, काळ्या नक्षीचं का असेना. शेजारच्या जुन्या पांढरीची माती आणूनही टेकाड रचलेलं असू शकतं.

कोळशाचे नमुने याच पट्टीतून घ्या. हात लावायचा नाही. स्वच्छ थापीनं किंवा चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात, मग पिशवीत. कापूस किंवा कागद नको. मोठ्या लाकडाच्या कोळशापेक्षा जळका दाणा किंवा काटकी चांगली, कारण जुन्या झाडाच्या गाभ्याचा काळ टेकाडापेक्षा शंभर-दोनशे वर्षं मागे निघू शकतो. कोळशाचा काळ सांगणाऱ्या रेडिओकार्बन मापनासाठी दिल्लीचं इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सेलरेटर सेंटर आहे, लखनौची बिरबल साहनी संस्था आहे. मातीच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते सांगणाऱ्या प्रकाशदीप्ती पद्धतीसाठी ताज्या छेदात लोखंडी नळी ठोकून दोन्ही तोंडं काळ्या कापडानं बंद करतात. पण या पद्धतीला गारगोटीचे कण हवेत, आणि आपल्या बेसाल्टी मातीत ते कमी. नमुने घेण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून विचारा.

हाडं दिसली तर

चर मध्यापर्यंत न नेण्याचं कारण हेच. तरी कडेला दफन असू शकतं. हाड दिसताक्षणी खणणं थांबवा. सगळ्यात आधी ते माणसाचं की जनावराचं आणि जुनं की अलीकडचं, हे जाणकाराकडून ठरवून घ्या. अलीकडचं असल्याची थोडी जरी शंका असेल तर पोलीस पाटलांमार्फत पोलिसांना कळवायचं. इथे संकोच नको.

जुनं असेल तर चाचणीपुरतं माझं मत स्पष्ट आहे: ते जागेवर राहू द्या. जागा, दिशा, खोली नोंदवा, बांबूच्या काडीनं आणि मऊ ब्रशनं जितकं उघडं झालंय तितकंच साफ करा, फोटो घ्या आणि परत झाका. उचलायला भौतिक मानवशास्त्राचा तज्ज्ञ, सावली, संवर्धनाचं साहित्य आणि वेळ लागतो, आणि यातलं काही चाचणीत पुरेसं नसतं. प्रमुखांनी डीएनए किंवा काळासाठी नमुना घ्यायचं ठरवलं तर तो हातमोजे आणि मास्क लावून, न धुता, हाडावर कुठलंही घट्ट करणारं रसायन लावण्याआधी घ्यावा लागतो.

हाडं मिळाली नाहीत म्हणून दफन नव्हतं, असं मात्र लिहू नका. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडची तांबडी, जास्त पावसाची, आम्लधर्मी माती हाड खाऊन टाकते. पूर्वेकडच्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते टिकायची शक्यता जास्त. तांबड्या मातीत मुरमातला आखीव खड्डा, त्यातली मांडलेली भांडी आणि मणी यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. काही ठिकाणी तर आठवण म्हणून रचना केलेली असते आणि आत कुणी पुरलेलंच नसतं.

नोंदी

प्रत्येक थराचं एक पान: क्रमांक, रंग मुन्सेल तक्त्यावरून (मातीच्या रंगांचा ठरलेला तक्ता), माती कशी, वर कुठला थर, खाली कुठला, कोणी खणला. महत्त्वाच्या वस्तूची जागा चराच्या दोन कडांपासूनचं अंतर आणि बेंचमार्कपासूनची खोली अशी लिहायची. पिशवीत एक चिठ्ठी आणि बाहेर एक, दोन्ही पेन्सिलीनं. पेनाची शाई ओलीनं पुसते. फोटोत माप आणि उत्तर दिशेचा बाण हवा, आणि ताडपत्रीची सलग सावली. अर्धं ऊन अर्धी सावली असलेला फोटो निरुपयोगी. छेदाचं रेखाटन 1:10 मध्ये हातानंच करा, मोबाइलवर त्रिमितीय मॉडेल केलं असलं तरी. काढताना माणूस प्रत्येक रेघेपाशी थांबून ठरवतो की हा थर इथे संपतो की नाही, आणि तो निर्णय कॅमेरा घेत नाही.

रोज संध्याकाळी प्रमुखांनी दिवसाची वही लिहायची. काय मिळालं याबरोबरच आज काय वाटलं, कशाबद्दल शंका आहे, हेही. पुढे अहवाल लिहिताना हीच वही कामी येते.

बुजवणं आणि पुढचं

प्रश्नाचं उत्तर मिळालं, की चर पूर्ण खोल झाला नसला तरी थांबा. तळाशी जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) किंवा प्लास्टिकची जाळी अंथरा, वर थोडी वाळू, त्यात चालू वर्षाचं एखादं नाणं, म्हणजे पुढे कधी कुणी खणलं तर आपण कुठपर्यंत गेलो होतो ते त्याला कळेल. माती काढलेल्या क्रमाच्या उलट, थराथरानं भरून धुमसानं ठोका. दगड क्रमांकानुसार परत लावा. काळी माती पावसात बसते, म्हणून भराव जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवायचा आणि ऑगस्टमध्ये एक फेरी मारून खचला असेल तिथे भर घालायची.

वस्तू परवाना असलेल्या संस्थेच्या ताब्यात राहतात, त्यांची यादी मात्र ग्रामपंचायतीला द्या. परवाना देणाऱ्यांसाठीचा अहवाल वेगळा. त्याचबरोबर चार-सहा पानांचं मराठी टिपण, नकाशा आणि छेदाच्या चित्रासह, शेतमालकाला, ग्रामपंचायतीला आणि गावच्या शाळेला द्या. टेकाड 1972 च्या खडीचं निघालं तरी द्या, आणि त्या कामावर खपलेल्या माणसांनी जे सांगितलं तेही त्यात लिहा.